पोरींना भरवायची वेळ

माझ्या मामाला सगळी मंडई ढोबळेमामा म्हणते. हे त्याचं आडनाव नाही. तो ढोबळी मिरची पिकवतो आणि स्वतःही त्याच घडणीचा आहे: खांद्यात रुंद, बसका, आणि रागावला की बघता बघता लाल होणारा. विजेचा मीटर बघायला येणारा माणूस तर माझ्या आईलाही ढोबळेबाई म्हणतो, आणि आई त्याला मुद्दाम दाराबाहेर उभा ठेवते.

घरात आम्ही तिघं. आई, आईचा धाकटा भाऊ म्हणजे हा मामा, आणि मी. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांना भिंतीवरची शेवटची ओळ वाचायला लावते. दिसत नसताना दिसल्यासारखं करणारी माणसं इतकी पाहिली आहेत की माझा स्वभाव थोडा तापट झालाय. आई म्हणते, त्यातला 'थोडा' काढ.

मामाचं पॉलीहाऊस आमच्या रस्त्याच्या टोकाला आहे. वर दुधाळ प्लास्टिक, बाजूला जाळी आणि पुढे एकामागे एक अशी दोन दारं. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर माशी आत शिरते. हा नियम मोडणाऱ्याशी मामा दिवसभर बोलत नाही. आत लांबच लांब वाफे, आणि प्रत्येक झाड वरच्या तारेला दोरीने बांधलेलं, माझ्याहून उंच. या झाडांना मामा पोरी म्हणतो. आणि तो त्यांच्यावर फवारणी करत नाही. फवारणी किडीवर करतात, असं त्याचं म्हणणं. अन्न कुणी फवारतं का? अन्न भरवायचं असतं.

हे भरवणं बघण्यासारखं असतं, हे मान्य करायला हवं. ऊन उतरलं की मामा बादलीत पाणी घेतो, त्यात चिमटीने लोह, जस्त, मॅग्नेशियम आणि असंच काय काय घालतो, आणि काठीने ढवळत बसतो. पाणी जवळजवळ पाण्यासारखंच दिसायला हवं. जास्त घातलं तर पानांच्या कडा करपतात. मग पंप पाठीवर, नळी हातात, आणि नळीचं तोंड वर. कारण पानाचं तोंड खाली असतं. वरून पान चकचकीत, मेण लावल्यासारखं. पाणी पडलं की घरंगळून जातं. खालच्या अंगाला मात्र डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, त्यातून ते पितं. भर दुपारी दिलं तर पान ही तोंडं मिटून घेतं आणि पाणीही सुकून जातं. संध्याकाळी पान बराच वेळ ओलं राहतं, सावकाश पितं. त्यामुळे मामाची संध्याकाळ कायमची बांधलेली. माझ्या दुकानाचं उद्घाटन संध्याकाळी होतं. मामा आला तेव्हा मी शटर खाली ओढत होते.

सुरुवातीला असं नव्हतं. माती कोरी होती, मिरची जोमाची होती, आणि तोड्यामागून तोडा निघत होता. एक तोडा मंडईत पोचतो न पोचतो तोच दुसरा तयार. मग मामाने पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात तीच मिरची लावली. त्याच्या पुढच्या वर्षीही तीच. लोक म्हणाले, पीक बदल. मामा म्हणाला, संसार एकीशीच करावा. हे सांगणारा स्वतः बिनलग्नाचा.

काही वर्षांनी पोरींची तब्येत बिघडली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, अशी पानं. फळ धरायचं, पण बोराएवढं होऊन थांबायचं. मामाने खत वाढवलं. तरी फरक नाही म्हणून आणखी वाढवलं. खताचा दुकानदार त्याला लांबून बघूनच खुर्ची पुसायला लागला. अति तिथं माती म्हणतात. इथे अति झालं ते मातीचंच. वाफ्यावर पांढरा थर दिसायला लागला आणि झाडं आणखी पिवळी पडली.

शेवटी आईने त्याला माती तपासायला पाठवलं. तिथल्या बाईंनी फार छान समजावलं होतं, असं मामाच सांगतो. त्या म्हणाल्या, ताट वाढलेलं आहे, पण जेवणाऱ्याचं तोंड आलंय. मातीत अन्नाला तोटा नाही. पण सतत एकच पीक घेतल्याने मिरचीचे रोग तिथे घर करून बसलेत, खताचे क्षार साठलेत, आणि पाणी पिणारी पांढरी मुळी जळून गेलीय. मुळीच नाही, तर अन्न वर जाणार कसं? तोवर थोडंफार पानांतून द्या. पण ही काही दिवसांची सोय. खरा उपाय म्हणजे झाडं काढा, माती भरपूर पाण्याने धुऊन घ्या, आणि दोन हंगाम तिथे कांदा किंवा मका लावा, मिरची सोडून काहीही.

मामाने अर्धा सल्ला ऐकला, त्याला आवडला तेवढा.

पानांतून अन्न दिलं आणि आठवडाभरात पिवळ्या पोरी हिरव्या झाल्या. मामा रस्त्यात नाचला. शेजारपाजारचे बघायला आले, आईने लाजून खिडकी लावून घेतली. तेव्हापासून दर संध्याकाळी भरवणं सुरू झालं ते सुरूच राहिलं. दर हंगामाला तोडे कमी होत गेले आणि भरवणं वाढत गेलं. मी एकदा म्हटलं, मामा, तुला कळतंय पण वळत नाही. त्यावर तो दिवसभर बोलला नाही, आणि मी दार तर नीट लावलं होतं.

असा हा माणूस पन्नाशीत प्रेमात पडला.

झालं असं की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तिच्या वॉर्डात एक सिस्टर होत्या, उंच, काटक, चालताना बुटांचा आवाज न करणाऱ्या. मामा आईला भेटायला सकाळी गेला (संध्याकाळी जाणं शक्यच नव्हतं), तेव्हा त्या पलीकडच्या खाटेवरच्या आजींना भरवत होत्या. आजींना गिळायला त्रास होत होता. सिस्टर अर्धा चमचा द्यायच्या, थांबायच्या, गळा हलला की पुढचा अर्धा. घाई नाही, वैताग नाही. मामा हातात मिरच्यांची पिशवी घेऊन बघत राहिला. त्याला आपल्या धंद्यातलं माणूस भेटलं होतं.

मग तो रोज सकाळी जायला लागला. आईला वाटलं भावाची माया उतू चाललीय. तिसऱ्या खेपेला तिच्या लक्षात आलं की माया तिच्या खाटेवरून पलीकडे जातेय. पंचाईत अशी की मामा त्यांना 'सिस्टर' म्हणायचा, सगळेच म्हणतात तसं. जिच्याशी लग्न करायचंय तिला सिस्टर म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मी त्याला तसं सांगितलं तर तो घाबरला आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दारातून त्याने नुसतं 'अहो' म्हटलं. वॉर्डातल्या झाडून सगळ्यांनी वळून बघितलं, सिस्टर सोडून. त्या आजींना भरवत होत्या. पण त्यांचे कान लाल झाले होते, असं आई शपथेवर सांगते.

आईला घरी सोडायच्या दिवशी तिने सरळ विषय काढला. माझी आई आडवळणाने बोलत नाही, तिला तेवढा वेळ नसतो. सिस्टर म्हणाल्या, विचार करून सांगते. त्यांचं आधी लग्न झालेलं होतं. नवऱ्याला मोठा आजार होता आणि तो सासरच्यांनी लग्नाआधी लपवला होता. त्या नवऱ्याची त्यांनी शेवटपर्यंत सेवा केली, पण लपवलेलं त्यांना अजून सलत होतं. म्हणून त्यांचं एकच म्हणणं होतं. माणूस श्रीमंत नको, देखणा नको, अगदी पोराबाळांचा असला तरी चालेल, पण जे आहे ते आधी सांगा. आई म्हणाली, माझ्या भावाच्या तोंडात तीळ भिजत नाही. सिस्टर हसल्या आणि मामाचा फोन नंबर घेऊन गेल्या.

पुढे फोनवर जे बोलणं झालं ते मला नंतर दोघांकडून स्वतंत्रपणे कळलं, आणि शब्दाला शब्द जुळतो. सिस्टरनी विचारलं, उद्या संध्याकाळी चहाला भेटायचं का.

"संध्याकाळी नाही हो जमणार," मामा म्हणाला. "पोरींना भरवायचं असतं."



"मुली आहेत तुम्हाला?"

"आहेत की. भरपूर आहेत." मामाला वाटलं, आईने सगळं सांगितलेलंच असणार. "काही लहान आहेत, काही वयात आल्यात. पण कोपऱ्यातली एक फार पिवळी पडलीय. अन्न अंगीच लागत नाही तिच्या."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"तपासणी झाली ना. त्या म्हणाल्या, मुळातच बिघाड आहे. काढून टाका म्हणाल्या. पण मन होत नाही."

सिस्टरनी फोन ठेवला. मामाला वाटलं रेंज गेली. तो आनंदात जेवला आणि आईला म्हणाला, ताई, किती आपुलकीने चौकशी केली त्यांनी पोरींची.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्या संपल्या सिस्टर माझ्या दुकानात आल्या. मी एका आजोबांना ओळी वाचायला लावत होते. त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या, आजोबा जाईपर्यंत थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? तुझ्या आईने मला का नाही सांगितलं की मामांना मुली आहेत?"

मला वाटलं, ऊन लागलं यांना. त्या बोलत राहिल्या. मुली आहेत, भरपूर आहेत, त्यातली एक आजारी आहे, एकट्या बाप्याने सांभाळलंय हे सगळं, आणि डॉक्टरने काय काढून टाकायला सांगितलंय देव जाणे. मुली आहेत याचा राग नव्हता त्यांना. उलट रात्रभर त्या आजारी पोरीचाच विचार करत होत्या. राग होता तो न सांगण्याचा.

मला तोवर सगळा उलगडा झाला होता. सांगून टाकायला हवं होतं, पण तोंड उघडलं असतं तर हसू फुटलं असतं आणि त्या उठून गेल्या असत्या. म्हणून मी दुकानाला कुलूप लावलं आणि म्हटलं, चला, दाखवते तुम्हाला मुली. स्कूटरवर त्या माझ्या मागे ताठ बसल्या होत्या. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. परीक्षेला निघालेल्या पोरीसारखा.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पहिलं दार लावलं, दुसरं उघडलं. आत मामा पाठमोरा, पाठीवर पंप, नळी वर धरलेली, आणि त्याचं बोलणं चाललेलं. "आज शहाण्यासारखं पी. काल अर्धं सांडलंस तू. आणि तुला काय झालं गं? मान का टाकलीस?"

"मुली कुठे आहेत?" सिस्टरनी विचारलं.

मामा दचकून वळला, आणि त्याच्याबरोबर नळीही वळली. माझा चष्मा ओला झाला, सिस्टरचं कपाळ ओलं झालं. मामाने घाईघाईने पंप बंद केला आणि हात पसरून म्हणाला, "या काय."

सिस्टरनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"या?"

"या सगळ्या."

"वयात आलेली कुठली?"

मामाने फुलावर आलेलं एक झाड दाखवलं. जरा लाजत दाखवलं. आणि मग कुणी विचारलेलं नसताना त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. "आणि ती पिवळी तिकडे."

सिस्टर उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसल्या आणि हसायला लागल्या. एरवी वॉर्डात मोठ्याने हसायची चोरी, त्यामुळे बरंच साठलेलं असावं. त्या हसता हसता रडल्या, पदराने डोळे पुसले, पुन्हा मामाच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा सुरू झाल्या. मामाला काय झालंय ते मी सांगितलं तेव्हा तो आधी कानापर्यंत लाल झाला आणि मग तोही हसायला लागला. पोट धरून, पंपासकट. मला तर आधीपासूनच हसायचं होतं.

मग मामाला चेव आला. त्याने बादली दाखवली, चिमटी दाखवली, पानाचं तोंड कुठे असतं ते पान उलटून दाखवलं. सिस्टरनी नळी मागितली. मामा आपली नळी कुणाला देत नाही, मला आजवर दिलेली नाही, पण त्याने ती दिली. त्यांनी एका झाडाला अगदी बारीक धुक्यासारखं भरवलं, थांबल्या, पानं ठिबकायच्या आधी हात आवरला. मामा मला हळूच म्हणाला, बघ, शिकवावं लागलं नाही. इतका सुखी चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता.

"किती दिवस चाललंय हे पानांतून देणं?" सिस्टरनी सहज विचारलं.

"झाली बरीच वर्षं."

त्यांनी नळी खाली केली. "वर्षं? मला याची मुळं बघायचीत."

मामा म्हणाला, मुळांचं काय बघायचं, माती लागेल हाताला. सिस्टर म्हणाल्या, माझ्या हाताला काय काय लागतं ते तुम्हाला माहीत नाही. शेवटी मामाने कोपऱ्यातलं ते पिवळं झाड खुरप्याने सोडवलं. इतकं मोठं झाड, पण मुळं मूठभर, तपकिरी, जुन्या सुतळीसारखी. पांढरी मुळी औषधालाही नव्हती. मामा ते उलटंसुलटं करून बघत राहिला. दिसत नसताना दिसल्यासारखं करणारी गिऱ्हाइकं रोजची, पण दिसत असून न दिसल्यासारखं करणारं माणूस आपल्या घरचं असलं की वाईट वाटतं.

"आमच्याकडे माणसाला गिळता येत नसलं की सलाईन लावतात," सिस्टर म्हणाल्या. आवाज वॉर्डातला होता, हळू आणि ठाम. "चांगलीच गोष्ट आहे. जीव वाचतो. पण आम्ही रोज बघतो, आज घोटभर पाणी जातंय का, उद्या पेज जातेय का. सलाईन निघावी म्हणून सलाईन लावतात. तुम्ही यांना उठून जेवायला लावायचं मनावरच घेतलं नाही."

"कळतं मला," मामा म्हणाला.

"मग?"

मामाने ते झाड खाली ठेवलं. त्याच्याकडे न बघता म्हणाला, "वाफे मोकळे केले तर संध्याकाळी मी करू काय? कांद्याला भरवावं लागत नाही. दुपारी कामं उरकतात, ताई झोपलेली असते, ही दुकानात. संध्याकाळ फार मोठी असते हो."

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. हा माणूस इतकी वर्षं आमच्याबरोबर जेवतोय, आणि हे त्याने एका परक्या बाईला सांगितलं. अर्थात आम्ही कधी विचारलंही नव्हतं म्हणा.

सिस्टर उठल्या, हात धुतले. निघताना मामाला म्हणाल्या, "तुम्ही काही लपवलं नाहीत, माझीच ऐकण्यात चूक झाली. पण तुमची संध्याकाळ भरलेली आहे, आणि मला ड्यूटीवरून सुटी मिळते ती संध्याकाळीच. मी यायचं म्हटलं तर कुठे येऊ?"

मी त्यांना स्कूटरवरून सोडायला गेले. उतरताना एवढंच म्हणाल्या, तुझा मामा चांगला आहे. मी म्हटलं, मग? तर म्हणाल्या, मग काही नाही.

पुढचे काही दिवस मामाने तोंडात मूग धरले. जेवायला बसायचा, उठायचा, पोरींना भरवून यायचा. आईने दोनदा विषय काढला आणि दोनदा तो पाणी प्यायला उठला. मला वाटलं, संपलं. या माणसाच्या नशिबात बादलीच आहे. मी रागाने त्याच्याशी बोलणं सोडलं, पण तो स्वतःच बोलत नसल्यामुळे त्याच्या ते लक्षातच आलं नाही.

मग एका सुट्टीच्या सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, चला, काढायचीत.

तो दिवस आमच्या घरातला सगळ्यात धमाल दिवस होता. आई काठी टेकत आली आणि खुर्ची टाकून दोन दारांच्या मधोमध बसली, त्यामुळे दोन्ही दारं उघडी राहिली आणि मामा काही बोलू शकला नाही. आधी शेवटचा तोडा केला. लहान, वाकडी, बुडाशी काळी, जी निघाली ती सगळी. रस्त्यावरच्या प्रत्येक घरात पिशवी गेली. मीटरवाल्यालाही आईने स्वतःच्या हाताने दिली, आणि तो 'थँक्यू ढोबळेबाई' म्हणाला तरी ती हसली. मग मी दोऱ्या कापत गेले आणि मामा झाडं उपटत गेला. पहिली दोन-चार झाडं त्याने खुरप्याने सावकाश सोडवली. नंतर हात चालायला लागला. एवढाली झाडं, एका हिसक्यात वर येत होती. मातीत त्यांनी काही धरलेलंच नव्हतं. मामा प्रत्येकाची मुळं बघायचा, मान हलवायचा आणि ढिगावर टाकायचा. अर्ध्यावर आल्यावर तो गुणगुणायला लागला. बेसूर, पण आम्ही चालवून घेतलं.

दुपारी आईला पाण्याच्या टाकीमागे एक बादली दिसली. बादलीत फुलावर आलेलं एक झाड, मुळांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं.

"गुडघ्याला बाशिंग आणि बादलीत मिरची," आई म्हणाली. "अरे, एक काय ते ठरव."

मामा बादलीपाशी गेला. मग त्याने झाड उचललं, त्याची फुलं एकदा बोटाने हलवली, आणि ते स्वतःच ढिगावर नेऊन ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. आम्ही दुसरीकडे बघितलं.

मग वाफ्यांत पाणी सोडलं, पुन्हा पुन्हा, पांढरा थर विरघळून खाली जाईपर्यंत. सगळं पॉलीहाऊस मातीच्या वासाने भरून गेलं. पाणी मुरून वाफसा आल्यावर मामाने कांद्याची रोपं लावली. इतकुशी, केसांएवढी हिरवी रेघ. त्यांच्याकडे तो असा बघायचा जसं पाहुणे चुकून आपल्या घरी उतरलेत.

आईने सिस्टरला फोन करून सगळं कळवलं. त्या 'बरं झालं' म्हणाल्या आणि आईच्या गुडघ्याची चौकशी केली. 'हो' नाही की 'नाही' नाही. आता आई मूग गिळून बसली. मामाने मला विचारलं नाही, पण फोन वाजला की त्याची मान वळायची.

आणि संध्याकाळी त्याने आम्हाला नको जीव केला. फ्रिज उघडून बघायचा. बंद करायचा. आईच्या गोळ्या रंगाप्रमाणे लावून ठेवायचा, मग आईला कुठली कधी घ्यायची ते कळायचं नाही. एकदा दुकानात येऊन भिंतीवरचा तक्ता इतक्या वेळा वाचला की त्याला शेवटची ओळ पाठ झाली. मी म्हटलं, मामा, बाहेर जा. कुठेही जा, पण जा. तो खरंच गेला, आणि त्यानंतरच्या संध्याकाळीही गेला. कुठे जातो ते मी विचारलं नाही. मला दुकानात शांतता हवी होती.

ते मला कळलं ते असं. हॉस्पिटलमधल्या एका डॉक्टरांचा चष्मा द्यायला मी संध्याकाळी तिकडे गेले होते. परत निघाले तर गेटच्या आत मामा. इस्त्रीचा शर्ट, ओले करून बसवलेले केस. भेटायची वेळ संपली होती, लोक बाहेर पडत होते, आणि मामा त्यांच्या विरुद्ध बाजूने आत सरकत होता. गेटवाल्याने त्याला अडवलं. मी खांबाआड थांबले. चोरून ऐकणं वाईट, पण मामा हा आमच्या घरातला विषय आहे.

गेटवाला म्हणाला, रोज बाहेर उभे असता, आज आत कुठे? वेळ संपली, पेशंट कोण आहे?

"पेशंट नाही," मामा म्हणाला. "बायकोला न्यायला आलोय."

गेटवाल्याने विचारलं, काम करतात का इथे, कुठल्या वॉर्डात? मामाने वॉर्ड सांगितला. गेटवाल्याची नजर मामाच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच थांबली. सिस्टर मागे उभ्या होत्या. म्हटलं ना, त्यांच्या बुटांचा आवाज येत नाही.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या.

मामा वळला. मला त्याची पाठच दिसत होती, पण मान खाली गेलेली कळली. आता हा पळणार, असं मला वाटलं. तो पळाला नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला. "तुम्ही सावकाश सांगा. मी इथे थांबत जाईन. मला संध्याकाळी आता काही काम नसतं."

सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. वॉर्डात पेशंटकडे बघतात तशा नाही. दिवसभर उभं राहून दमलेलं माणूस बाकाकडे बघतं तशा. मग त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली आणि मामाच्या हातात दिली. मामाने ती दोन्ही हातांनी घेतली. दोघं गेटमधून बाहेर पडले आणि बसच्या थांब्यावर न थांबता तसेच पुढे चालत गेले, त्या बोलत होत्या आणि तो मान डोलवत होता.

मी खांबाआडून बाहेर आले. गेटवाल्याने मला ओळखलं. त्याचा चष्मा माझ्याकडचाच आहे.

"हे गृहस्थ आता रोज येणार का?" त्याने विचारलं.

"रोज," मी म्हटलं.